रक्तातला वारसा आणि व्यायाम

“आई-वडील दोघांनाही मधुमेह होता, तो आमच्या रक्तातच आहे. मग चालून उपयोग काय?” रुग्णांचे नातेवाईक बाह्यरुग्ण विभागात हा प्रश्न वारंवार विचारतात. त्याचे उत्तर येथे थोडक्यात देत आहोत.

जनुके जन्मतः मिळतात व व्यायामाने ती बदलत नाहीत, हे खरे आहे. तथापि, प्रत्येक पेशीत सर्वच जनुके कार्यरत नसतात. त्यांवर मिथाइल नावाच्या सूक्ष्म रासायनिक खुणा असतात. त्या दाट असल्यास जनुकाचे काम बहुधा मंदावते, विरळ झाल्यास ते सुरू होते. खातेवहीतील नोंदी खोडता येत नाहीत, परंतु कोणते पान उघडावे हे दाखविणाऱ्या खुणेच्या चिठ्ठ्या हलविता येतात, तसेच हे आहे. यालाच एपिजेनेटिक बदल म्हणतात.

स्वीडनमधील कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी २०१४ साली याविषयी एक प्रयोग प्रसिद्ध केला. २३ स्त्री-पुरुषांनी तीन महिने, आठवड्यातून चार वेळा, ४५ मिनिटे केवळ एकाच पायाने पेडल मारले. माणूस तोच, जनुके तीच, आहारही तोच. तरीही व्यायाम केलेल्या पायाच्या स्नायूंत सुमारे ५,००० ठिकाणी या खुणा बदललेल्या आढळल्या. त्यांतील अनेक जनुके स्नायूंची जडणघडण व शर्करेचा वापर यांच्याशी निगडित होती.

महाराष्ट्रात या माहितीचे मोल अधिक आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी पुण्याजवळील सहा गावांत १९९३ पासून माता-बालकांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते. स्नायू कमी, परंतु चरबी त्या मानाने टिकून होती. म्हणजे मधुमेहाकडील कल गर्भावस्थेपासूनच घडू लागतो. म्हणूनच गरोदर मातेचा आहार आणि पुढे आयुष्यभराची हालचाल, दोन्ही महत्त्वाची ठरतात.

व्यायाम हा औषधाला पर्याय नव्हे. वैद्यकीय सल्ल्याशिवाय औषधे बंद करू नयेत. हृदयविकार असल्यास वा इन्सुलिन चालू असल्यास डॉक्टरांना विचारूनच आरंभ करावा. मात्र आरंभ अवश्य करावा. भाट्ये किनाऱ्यावर चालावे, पावसाळ्यात पडवीत फेऱ्या माराव्यात.

 हे योगदान प्रत्येक कुटुंबाने स्वतःच द्यावयाचे आहे.