नोंद नाही, ते ग्रंथालयात नाही

विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुस्तक देणारा कर्मचारी सर्वांना दिसतो. आतल्या खोलीत बसणारा तालिकाकार मात्र कोणाला ठाऊक नसतो. शीर्षकपृष्ठ वाचायचे, लेखकाचे नाव ठरवायचे, विषय ठरवायचा, वर्गांक द्यायचा, हे त्याचे रोजचे काम. दिसायला रुक्ष, पण ग्रंथ कोणाच्या हाती पडणार, हे तिथेच ठरते.

ड्युई दशांश पद्धतीत २९४.५ म्हणजे हिंदू धर्म, ३०५.५ म्हणजे समाजातील वर्ग. बाबासाहेबांचे १९३६ सालचे 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' कोठे ठेवणार? पहिला अंक दिला, तर जातीचा अंत मागणारा ग्रंथ धर्मग्रंथांच्या रांगेत जाऊन बसतो. दुसरा दिला, तर तो समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला सापडतो. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या विषयसूचीत 'अनटचेबल्स' हा शब्द होता. त्या जागी 'दलित्स' आला. शब्द आपोआप बदलत नाहीत, ते बदलावे लागतात.

खरा प्रश्न आपल्या पुस्तिकांचा आहे. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर त्या हातोहात खपतात. अनेकींवर प्रकाशनवर्ष नसते, लेखकाचे पूर्ण नाव नसते. मग तालिकाकार तरी काय नोंदवणार? आणि बहुतेकदा त्या त्याच्या टेबलापर्यंत पोहोचतच नाहीत. उद्याचा संशोधक म्हणेल, या समाजाने लिहिलेच नाही!

म्हणून प्रकाशकांनी वर्ष, नाव, पत्ता छापावा आणि एक प्रत विद्यापीठाला द्यावी. आपल्या मुलामुलींनी ग्रंथालयशास्त्र शिकून त्या आतल्या खोलीतील खुर्चीवरही बसावे. ग्रंथांसाठी राजगृह बांधणाऱ्या बापाची आपण लेकरे आहोत.