चौदा एप्रिल आणि अग्निशामकांचे ऋण

दरवर्षी १४ एप्रिलला भोईवाडा, परळ, नायगाव आणि दादर येथील वस्त्यांत निळे झेंडे फडकतात. पोयबावडीच्या बी. आय. टी. चाळीत बाबासाहेबांनी आयुष्याची अनेक वर्षे काढली. म्हणून आम्हां भोईवाडाकरांना हा दिवस घरचाच वाटतो. हाच दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो, हे मात्र आपल्या मुलांना क्वचितच सांगितले जाते. इतिहास शिकविणाऱ्या आम्हांस ते सांगणे कर्तव्य वाटते.

१४ एप्रिल १९४४ रोजी बाबासाहेबांना ५३ वर्षे पूर्ण झाली. त्या वेळी ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्याच दुपारी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गाठी होत्या आणि सुमारे १,४०० टन स्फोटके व दारूगोळा होता. अग्निशामकांनी पाण्याचा मारा सुरू केला. परंतु आगीचा उगम धुरात सापडेना. आत साचलेल्या पाण्यावर जळता कापूस तरंगत वर येऊ लागला, आणि स्फोटके वरच होती. जहाज बुडवावे की गोदीबाहेर न्यावे, हा निर्णय वेळेत झाला नाही. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला प्रचंड स्फोट झाला. अर्ध्या तासाच्या आतबाहेर दुसरा. अग्निशमन दलाचे ६६ जवान कर्तव्यावर असताना मृत्युमुखी पडले. गोदीत काम करणारे आणि आसपास राहणारे शेकडो श्रमिकही त्यात गेले.

ही परंपरा तेथे संपली नाही. ९ मे २०१५ रोजीच्या काळबादेवीच्या आगीमुळे दलाचे चार अधिकारी प्राणास मुकले; त्यांत तत्कालीन प्रमुख सुनील नेसरीकर हेही होते.

आमच्या परिसराने हे काम अगदी जवळून पाहिले ते २२ ऑगस्ट २०१८ रोजी. हिंदमाताजवळील क्रिस्टल टॉवर या इमारतीच्या बाराव्या मजल्यावर सकाळी आग लागली. चार जणांचा मृत्यू झाला. इमारतीतील अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत नव्हती. दलाच्या उंच शिडीवरून रहिवाशांना खाली आणले गेले.

रस्त्यावर उभे राहून पाहणाऱ्यास जवान केवळ पाणी मारताना दिसतात. प्रत्यक्षात कामाची विभागणी असते. अधिकारी प्रथम पाहणी करून आग कोठे आहे आणि माणसे कोठे अडकली आहेत याचा अंदाज घेतो. एक तुकडी श्वसनयंत्र लावून माणसे शोधते, दुसरी पाण्याची नळी घेऊन आगीकडे जाते. ज्वाळा विझल्यावरही पाणी मारणे चालूच राहते, कारण तापलेले सामान पुन्हा पेट घेऊ शकते. अशा वेळी बघ्यांच्या गर्दीने अथवा गल्लीत लावलेल्या दुचाकींनी गाडीची वाट अडली, तर वाया गेलेली मिनिटे वर अडकलेल्यांच्या आयुष्यातून वजा होतात.

आगीत ज्वाळेइतकाच, किंबहुना तिच्याहून अधिक, धूर घातक असतो. तप्त धूर वर चढतो आणि जिना व वायरींचे डक्ट यांतून मजले व्यापतो. म्हणून लिफ्ट वापरू नये, नाकातोंडावर ओले कापड धरावे, जमिनीलगत सरकत बाहेर पडावे. बाहेरच धूर असेल तर दार बंद करून फटींत ओले कापड कोंबावे, खिडकीतून हाक द्यावी. क्रिस्टल टॉवरमधील एका दहा वर्षांच्या मुलीने शाळेत शिकलेली ओल्या कापडाची युक्ती शेजाऱ्यांना सांगितली आणि अनेकांना श्वास घेणे शक्य झाले. पुढे तिला राष्ट्रीय शौर्य पुरस्कार मिळाला. शाळेत नीट शिकविलेली एक गोष्ट किती जीव वाचवू शकते, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

निवासी शाळेत शेकडो लेकरे एका छपराखाली झोपतात. येथील माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधवांना आमची विनंती अशी: वसतिगृहाचे जिने मोकळे असावेत, बाहेर पडण्याच्या दारांना रात्री कुलूप नसावे, खिडकीची एक तरी जाळी आतून उघडणारी असावी, आणि १०१ हा क्रमांक प्रत्येक मुलास पाठ असावा. दरवर्षी जयंतीच्या आठवड्यात मुलांकडून सुटकेचा सराव करून घ्यावा. बाबासाहेबांना वंदन करताना त्या ६६ जवानांसाठी दोन मिनिटे मौन पाळावे. श्रमाला प्रतिष्ठा देणाऱ्या महामानवाच्या जयंतीस ते शोभून दिसेल.