जुन्या नाट्यगृहातले मधले अंतर

जुने नाट्यगृह दुरुस्त करायचे ठरले की निविदेतल्या कामांची यादी बहुधा ठरलेली असते: दर्शनी भागाला रंग, नव्या खुर्च्या, वातानुकूलन, ध्वनियंत्रणा, छताला नवी तावदाने. यातले एकही काम चुकीचे नाही. पण ज्यासाठी ती इमारत जपायची, ते या यादीत सहसा नसते. रंगमंचाच्या कडेपासून शेवटच्या रांगेपर्यंतचे अंतर, छताची उंची, बाल्कनीचा कोन आणि या सगळ्यांमुळे नटाचा हलकेच उच्चारलेला शब्द पोहोचतो की विरतो, हा नाट्यगृहाचा खरा ऐवज. महिरपी आणि झुंबरे पुन्हा घडवता येतात. ही मधली जागा एकदा बिघडली की तिचे बिघडणे कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण तोवर नटांच्या कपाळाशी माइक आलेला असतो. म्हणून माझे म्हणणे असे, की नूतनीकरणात पहिला हक्क या जागेचा. खुर्ची, यंत्रे, दिवे, दुकाने यांनी तिच्या सोयीने बसावे.

हे म्हणणे भावनेचे वाटू नये म्हणून थोडा हिशेब मांडतो. बोलक्या नाटकासाठी प्रेक्षागृहातला ध्वनी साधारण एका सेकंदाच्या आत विरावा लागतो. वाद्यवृंदाच्या सभागृहाला दोन सेकंदांची आस, म्हणजे रेंगाळणारा ध्वनी, चालते, किंबहुना हवीच असते. पण तेवढ्या आसेत संवादाची अक्षरे एकमेकांवर चढतात. हा काळ खोलीच्या घनफळावर आणि आतल्या वस्तू किती ध्वनी शोषतात यावर ठरतो. लाकडी खुर्च्या काढून जाड गाद्यांच्या बसवल्या, उघड्या तुळयांखाली सपाट छत टांगले, की दोन्ही आकडे बदलतात. नजरेचेही तसेच. वीसेक मीटरच्या पलीकडून चेहऱ्यावरचे बारीक भाव वाचता येत नाहीत, असा नाट्यगृह बांधणाऱ्यांचा जुना अंदाज आहे. नागपुरात रेशीमबागेत 2017 साली उघडलेले कविवर्य सुरेश भट सभागृह सुमारे दोन हजार आसनांचे आहे. संमेलनाला, गाण्याच्या मैफलीला, मोठ्या समारंभाला शहराला अशा वास्तूची गरज होतीच. पण तीन पात्रांचे, पुटपुटत्या संवादांचे नाटक दोन हजारांसमोर ठेवले तर मागच्या निम्म्या प्रेक्षकांना ते फक्त ऐकू येते, आणि तेही कर्ण्यातून.

मुंबईच्या रॉयल ऑपेरा हाउसचे उदाहरण इथे उपयोगी पडते. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात उभी राहिलेली ही वास्तू पुढे चित्रपटगृह झाली, 1952 साली गोंडलच्या संस्थानिकांकडे गेली आणि 1993 साली बंद पडली. बालगंधर्व आणि दीनानाथ मंगेशकर जिथे गायले ते दालन वीसहून अधिक वर्षे कुलुपात होते. वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली झालेल्या जीर्णोद्धारानंतर ते ऑक्टोबर 2016 मध्ये उघडले आणि पुढच्याच वर्षी युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत त्याची दखल घेतली गेली. लोकांनी छायाचित्रे काढली ती सोनेरी नक्षीची. मला महत्त्वाचा वाटतो तो आसनांचा आकडा: सुमारे 575. गिरगावातल्या जमिनीचा भाव पाहता हा आकडा तोट्याचाच. तरीही प्रेक्षागृह मूळ घाटाचेच राहिले, आणि वातानुकूलन व प्रकाशयोजना त्या घाटात सामावून घेतली गेली. अर्थात त्यामागे खासगी मालकाचा पैसा आणि चिकाटी होती. प्रत्येक शहराला असा मालक लाभत नाही, हा आक्षेप रास्त आहे; त्याकडे पुढे येतो.

अधिक अवघड प्रश्न कोल्हापूरने समोर ठेवला आहे. शाहू महाराजांनी खासबाग कुस्ती मैदानाला लागून बांधलेले पॅलेस थिएटर 1915 सालचे. 1957 साली त्याला संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव मिळाले. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, ते जळाले. छत, रंगमंच, प्रेक्षागृह गेले. दगडी भिंती बऱ्याच अंशी राहिल्या. कोल्हापूरकरांची मागणी लगेच आली: होते तसेच उभारा. या मागणीवर दोन बाजूंनी टीका होऊ शकते. एक म्हणते, जळालेल्याची प्रतिकृती म्हणजे खोटा वारसा. दुसरी म्हणते, 1915 चा रंगमंच आजच्या नाटकाला कशाला हवा? युरोपात या दोन्ही शंकांना उत्तर सापडते. बार्सिलोनाचे लिसेऊ 31 जानेवारी 1994 रोजी जळाले आणि 1999 साली उघडले. तिथे प्रेक्षागृह जुन्या रूपात उभारले, पण पडद्यामागे अगदी नवा, मोठा, यांत्रिक रंगमंच दिला. प्रेक्षक जिथे बसतो तिथे जुने माप आणि नट, नेपथ्यकार जिथे राबतात तिथे नवी सोय, ही वाटणी मला नेमकी वाटते. केशवरावांचा गळा ज्या पोकळीत घुमला असेल ती पोकळी जपणे म्हणजे प्रतिकृतीचा हट्ट नव्हे. तिच्या मागे उंच मनोरा, नेपथ्य वर खेचण्याची यंत्रणा, कलाकारांसाठी स्वच्छ रंगपट आणि स्वच्छतागृहे बांधायला शाहू महाराजांनीही हरकत घेतली नसती. त्यांनी स्वतः परदेश पाहून आपल्या गावात नवे आणले होते.

आगीचा मुद्दा मात्र इतक्या सहज सुटत नाही. लाकूड आणि कापडाने भरलेली जुनी इमारत धोक्याची. पाडून काँक्रीटची बांधणे हाच शहाणपणा, असे अनेक अभियंते प्रामाणिकपणे मानतात. इतिहास थोडे वेगळे सांगतो. शिकागोचे इरोक्वॉय थिएटर 30 डिसेंबर 1903 रोजी पेटले आणि सहाशेहून अधिक माणसे मेली. ती इमारत जेमतेम पाच आठवडे जुनी होती आणि तिची जाहिरात अग्निरोधक म्हणूनच झाली होती. माणसे मेली ती कुलूपबंद दारांमुळे आणि मध्येच अडकलेल्या सुरक्षा पडद्यामुळे. दिल्लीचे उपहार चित्रपटगृह काही राजवाडा नव्हते. 13 जून 1997 रोजी तिथे 59 जण मुख्यतः धुराने गुदमरले. व्हेनिसचे ला फेनिचे 1996 साली जळाले ते दुरुस्तीचे काम चालू असतानाच, आणि आग लावणारे त्या कामावरचे वीजतंत्रीच निघाले. या तिन्ही घटनांत इमारतीच्या वयापेक्षा वीजजोडण्या, धूर बाहेर काढणारी झडप, बाहेरच्या बाजूला उघडणारी दारे आणि ती उघडी ठेवणारा माणूस यांचा संबंध अधिक आहे. हे सारे जुन्या भिंतींत बसवता येते. दुरुस्तीच्या काळातली रात्रपाळीची राखण तर निविदेत वेगळ्या कलमाने लिहिली पाहिजे.

आता पैसा. पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर हे या वादाचे आपल्याकडचे ठळक रूप. पायाभरणी 1962 साली खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते झाली, 26 जून 1968 रोजी ते उघडले. तोवर गंधर्व हयात नव्हते. गेल्या काही वर्षांत ते पाडून मोठे संकुल उभारण्याचा प्रस्ताव येतो, विरोध होतो, पुन्हा येतो. प्रस्ताव मांडणाऱ्यांचे म्हणणे असे, की एका दालनाच्या भाड्यावर नाट्यगृह चालत नाही. सोबत दुकाने, लहान सभागृहे, वाहनतळ हवेत. दुकाने म्हटली की नाक मुरडण्यात मला अर्थ दिसत नाही. दादरच्या शिवाजी मंदिराखाली दुकाने आहेत आणि वर 1965 पासून नाटक होत आले आहे. प्रश्न कशासाठी काय वाकते याचा आहे. नागपूरकरांना तो नीट कळावा. झाशी राणी चौकाजवळचे विदर्भ साहित्य संघाचे धनवटे रंगमंदिर म्हणजे शहराच्या नाट्यवेडाचा पत्ता होता. त्याच्या जागी आज सांस्कृतिक संकुल उभे आहे. संस्था टिकली, कार्यक्रम होतात, हे खरेच. पण पुरुषोत्तम दारव्हेकर आणि महेश एलकुंचवार यांच्यासारखे नाटककार ज्या शहराने दिले, तिथे जुन्या मापाचे, पायऱ्या उतरून थेट रस्त्यावर येणारे नाट्यगृह आता दाखवता येत नाही. संकुलाचा हिशेब आधी आणि प्रेक्षागृहाचे माप नंतर, असा क्रम लागला की उरलेल्या मजल्यावर उरलेल्या जागेत रंगमंच बसवावा लागतो.

शेवटचा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो: एवढा खटाटोप करून येणार कोण? मनीषनगरसारखी वस्ती घ्या. रेल्वेरुळांपलीकडे वाढलेल्या दक्षिण नागपुरातल्या या कुटुंबांना मल्टिप्लेक्स जवळ आहे, घरातल्या पडद्यावर मालिका आहेत, उन्हाळा पंचेचाळीस अंशांचा आहे. गार हवा आणि ऐसपैस खुर्ची दिली नाही तर ती सीताबर्डीच्या नाट्यगृहापर्यंत का यावीत? गार हवा द्यावीच. विदर्भात तिला पर्याय नाही. यंत्रे प्रेक्षागृहापासून लांब ठेवून, मोठ्या नळ्यांतून संथ हवा सोडली तर ती आवाज करत नाही; खर्च थोडा वाढतो. पण खुर्चीमुळे प्रेक्षक येतो हे मला पटत नाही, आणि त्याचा पुरावा नागपूरहून काही तासांवर आहे. वडसा-देसाईगंज आणि आसपासच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर, मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, दिवसांपासून, शेतातल्या तात्पुरत्या मंडपात रात्रभर नाटके चालतात आणि थंडीत माणसे जमिनीवर बसून ती पैसे देऊन पाहतात. माइक तिथेही आहेत, ते लपवायचे कारण नाही. पण तिथले नाटक प्रेक्षकाच्या गावात, त्याच्या मोकळ्या दिवसांत, त्याच्या वेळेला होते. शहरातल्या जुन्या नाट्यगृहाचे आधुनिकीकरण करताना हीच गोष्ट शिकावी. उज्ज्वलनगरला किंवा जयप्रकाशनगरला मेट्रोत बसून सीताबर्डीला उतरता येते. पण प्रयोग शेवटची गाडी गेल्यावर सुटणार असेल तर त्या सोयीचा उपयोग नाही. संध्याकाळी सहाचा प्रयोग, फोनवर मिळणारे तिकीट, चाकाच्या खुर्चीला उतार आणि बायकांसाठी पुरेशी स्वच्छतागृहे यांना मधल्या जागेतला एक इंचही लागत नाही.

या सगळ्याच्या आधी करायचे काम स्वस्त आहे. पॅरिसच्या नोत्र-दामला एप्रिल 2019 मध्ये आग लागली तेव्हा त्या वास्तूचे लेझर मोजमाप आणि तिच्या आतल्या ध्वनीची मापे दोन्ही आधीच घेऊन ठेवलेली होती. पुन्हा उभारणी करताना संशोधकांना तुलनेसाठी काहीतरी हातात होते. विदर्भातल्या आणि एकूण महाराष्ट्रातल्या पालिकांच्या, संस्थांच्या ताब्यातल्या प्रत्येक जुन्या प्रेक्षागृहाचे असे मोजमाप व्हायला हवे: रिकामे असताना एकदा, भरलेले असताना एकदा. वास्तुकलेच्या आणि अभियांत्रिकीच्या महाविद्यालयांकडून ते करून घेता येईल. खुर्च्यांची निविदा त्यानंतर काढावी, आणि काम संपल्यावर ठेकेदाराचे अंतिम देयक देण्यापूर्वी तीच मापे पुन्हा घ्यावीत.