जळमट समजून झाडू मारण्याआधी



पाडवा जवळ आला की आपण घर झाडायला काढतो. पडवीतल्या तारेला किंवा दाराजवळच्या लिंबाच्या फांदीला एखादा कचऱ्याचा झुबका लोंबताना दिसतो. कोळ्याची जाळी, वाळकं गवत, झाडाच्या सालीचे तुकडे, सगळं एकात एक गुंतलेलं. हात लगेच झाडूकडे जातो. तेव्हा जरा थांबा आणि तो झुबका चारी बाजूंनी बघा. वरच्या अंगाला छोटं भोक आणि त्यावर इवलीशी छपरी दिसली, तर ते शिंजिराचं घरटं आहे.

शिंजीर म्हणजे सूर्यपक्षी. मोबाइलवर हमिंगबर्डचे व्हिडिओ फिरतात, ते पाहून पुष्कळ जणींना वाटतं की आपल्या जास्वंदीवर येतो तो हाच. पण हमिंगबर्ड फक्त अमेरिकेच्या दोन खंडांत राहतात, आपल्या देशात एकही नाही. हमिंगबर्ड हवेत एका जागी तरंगत फुलातला मध पितो. आपला शिंजीर बहुतेक वेळा देठाला धरून बसतो, आणि फूल फारच लांबट असलं तर सरळ त्याच्या बुडाशी चोचीने भोक पाडतो!

अंगणात मुख्यतः दोन जाती येतात. जांभळा शिंजीर लांबून काळाच वाटतो, ऊन पडलं की निळा-जांभळा चमकतो. जांभळ्या पाठीच्या शिंजिराचं पोट पिवळं असतं. दोन्ही जातींचे पक्षी चिमणीहून लहान, चोच बारीक आणि बाकदार. माद्या साध्या, वरून मातकट, खालून पिवळसर. जांभळ्या शिंजिराची एक गंमत आहे. विणीचा हंगाम सरला की नराचा थाट उतरतो, तो मादीसारखा दिसू लागतो, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी पट्टी उरते. हा कुठला नवा पक्षी, असं आम्हालाही विचारलं जातं. नवा नाही, तोच तो.

घरटं मादी एकटी बांधते. अंडी बहुधा दोन, ती उबवायचं कामही मुख्यतः तिचंच. नर तोवर शेंड्यावर बसून गातो. (ओळखीचं वाटतंय ना?) पिल्लं निघाली की मात्र तोही चारा आणायला लागतो. हा चारा म्हणजे किडे आणि कोळी. नुसत्या मधावर पिल्लं वाढत नाहीत. म्हणून घरटं असेल तेवढे दिवस परसातल्या वालावर, वांग्यावर औषध फवारू नका. मावा पडला असेल तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढा. साखरेचं पाणी टांगायचीही गरज नाही, आपल्या उन्हात ते लवकर आंबतं. जास्वंद, डाळिंब, शेवगा, केळ यांतलं काही दारात असलं तरी त्यांचं भागतं.

विणीच्या दिवसांत नर फार तापट. मोटारसायकलच्या आरशात स्वतःलाच पाहून, दुसरा नर आला समजून चोची मारत बसतो, दमून जातो. आरशावर फडकं टाका, संपलं.

घरट्याला हात लावू नका, फोटोसाठी मोबाइल भोकाशी नेऊ नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेही रानपक्ष्यांची अंडी-घरटी मोडायला बंदी आहे. पाच-सात पावलांवर बसून बघा. मादी तासात किती फेऱ्या घालते ते पोरांना मोजायला सांगा, वहीत लिहू द्या. जवळपास मांजर चढेल असं स्टूल, शिडी, लाकडं असतील तर हलवा.

आणि घरटं नेमकं कपड्यांच्या दोरीवरच झालं, तर? होतं तसंही. अंडी घातल्यापासून पिल्लं उडेपर्यंत साधारण महिना लागतो. तेवढे दिवस दुसरी दोरी बांधा. पिल्लं गेली की जुनी दोरी पुन्हा तुमचीच.