शनिवारी घाणा बंद

उंबऱ्याच्या आत : लेखांक ४

मागच्या आठवड्यात आपण अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर थांबलो होतो. फुटलेलं गलबत, जीव वाचवून काठाला लागलेले सात पुरुष आणि सात स्त्रिया, बाकीच्यांना जिथे पुरलं ती जागा. बेने इस्राएल हा कोकणातला ज्यू समाज आपली कहाणी इथून सांगायला सुरुवात करतो. धर्मग्रंथ समुद्राने गिळले, असंही ती कहाणी सांगते. ते गलबत कोणत्या शतकातलं, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. तो वाद बाजूला ठेवून आज आपण एका घरात शिरू. घर तेल्याचं आहे.

कोकणात सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते सोमवार तेली आणि शनिवारी बंद ठेवणारे ते शनवार तेली. हे शनवार तेली म्हणजेच बेने इस्राएल. त्यांचा देव कोणता, पूर्वज कुठले, याची गावाने फारशी चौकशी केली नसावी. आठवड्यातून एक दिवस त्यांच्या दारातला घाणा करकरत नाही, एवढं मात्र सगळ्यांना दिसत होतं, आणि त्या न केलेल्या कामावरूनच गावाने त्यांना नाव दिलं. या नावाचा मी जितका विचार करतो तितका माझा आदर वाढतो. या लोकांजवळ ग्रंथ नव्हता, रब्बी नव्हता, प्रार्थनामंदिर नव्हतं. त्यांचं पहिलं प्रार्थनामंदिर मुंबईत उभं राहिलं ते १७९६ साली, सॅम्युएल इझिकिएल दिवेकर यांच्या हातून. ‘शाआर हारहमीम’, म्हणजे दयेचं द्वार, हे त्याचं नाव. समाजाच्या बोलीत प्रार्थनामंदिराला ‘मशीद’च म्हणत. मुंबईच्या मस्जिद स्टेशनाचं नाव याच वास्तूवरून पडलं असं सांगतात. त्याआधीच्या साऱ्या पिढ्यांचा धर्म उंबऱ्याच्या आत, चूल, पाटा आणि माजघर यांच्या आधाराने टिकला.

तो कसा टिकला याची एक गोष्ट समाजात सांगतात. डेव्हिड रहाबी नावाचा एक विद्वान ज्यू कोकणात आला. त्याचा काळ कोणी फार मागे नेतात, कोणी अठराव्या शतकात आणतात. शनिवार पाळणारी, मुलांची सुंता करणारी ही माणसं पाहून त्याला वाटलं, ही आपलीच असावीत. पण खात्री कशी करायची? त्याने पुरुषांना प्रश्न विचारले नाहीत. बायकांपुढे सरमिसळ मासळी ठेवली आणि रांधायला सांगितलं. बायकांनी पर आणि खवले असलेले मासे घेतले, बाकीचे बाजूला सारले. कोकणातल्या बाजाराच्या भाषेत सांगायचं तर पापलेट, रावस चुलीवर आणि मुशी, पाकट, कोळंबी बाहेर. तोराचा, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथाचा, नेमका हाच नियम आहे. ग्रंथ बुडाला होता, पण त्याचं एक पान बायकांच्या हातात शाबूत होतं. पुढे रहाबीने झिराडकर, शापूरकर आणि राजपूरकर अशा तीन घराण्यांतल्या तरुणांना शिकवून तयार केलं आणि त्यांना काजी म्हणू लागले. परीक्षा मात्र स्वयंपाकघरात झाली होती, आणि ती बायकांनी दिली होती.

दुसरी गोष्ट टिकली ती ‘शमा’. देव एकच आहे असं सांगणारी ही छोटी प्रार्थना. जन्म असो, लग्न असो, मरण असो, हे लोक तीच म्हणत, कारण दुसरी कोणती उरलीच नव्हती. योगायोग असा की या प्रार्थनेच्या पुढच्या ओळींतली आज्ञाही घराबद्दलचीच आहे. हे शब्द मुलांना शिकव, घरी बसलेला असताना आणि वाटेने चालताना बोल, झोपताना आणि उठताना बोल, दाराच्या चौकटीवर लिही. ज्यू घराच्या चौकटीला लावलेली छोटी नळी दिसते, ती मेझुझा. तिच्या आतल्या चर्मपत्रावर हेच शब्द असतात.

आता शनिवारकडे. ज्यू दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, म्हणून शब्बाथ येतो तो शुक्रवारी संध्याकाळी. घरात विस्तव पेटवायचा नाही अशी तोराची स्पष्ट आज्ञा असल्यामुळे दोन दिवसांचा स्वयंपाक शुक्रवारी दुपारीच उरकायचा. कोकणी घरात या स्वयंपाकाला नारळाने मोठा हात दिला. मांसाबरोबर दूधदुभतं चालत नाही. मग मटणाच्या रश्श्याला नारळाचं दूध, आणि जेवणानंतरच्या गोडालाही नारळाचंच दूध. नव्या वर्षाच्या सणाला गव्हाच्या चिकाचा हलवा होतो, तोही नारळाच्या दुधातला. धर्माचा नियम आणि परसातलं झाड इतकं सुरेख जुळलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

सूर्य बुडायच्या थोडं आधी घरची बाई दिवे लावते. जुन्या बेने इस्राएल घरांत काचेच्या पेल्यात पाणी, वर खोबरेल आणि त्यात वात. बऱ्याच ज्यू घरांत दिवा लावल्यावर बाई हातांनी डोळे झाकून आशीर्वचन म्हणते. याचं कारण समजलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्यावरच विचार करत होतो. एरवी कोणतंही धर्मकृत्य करण्याआधी आशीर्वचन म्हणायचं असा नेम आहे. पण इथे आशीर्वचन म्हटलं की शब्बाथ सुरू होतो, आणि शब्बाथ सुरू झाला की दिवा लावता येत नाही. म्हणून ती आधी दिवा लावते, डोळे झाकते, आशीर्वचन म्हणते आणि मग डोळे उघडते. जणू त्या उजेडाला ती आत्ताच पहिल्यांदा पाहते आहे. नियमाची अडचण सोडवता सोडवता कुणीतरी दर आठवड्याला नव्याने पाहण्याची सोय करून ठेवली.

मग वडील मुलांच्या डोक्यावर हात ठेवतात. मुलाला म्हणायचं, देव तुला एफ्राईम आणि मनश्शेसारखं करो. मुलीला म्हणायचं, सारा, रिबका, राहेल आणि लेआसारखं करो. अब्राहाम, इसहाक असे मोठे पूर्वज असताना मुलांसाठी याकोबाची ही दोन नातवंडं का निवडली? याचं एक उत्तर मला मनापासून पटतं. बायबलच्या पहिल्या पुस्तकात भावाभावांची भांडणं पानोपानी आहेत. काईन आणि हाबेल, याकोब आणि एसाव, योसेफ आणि त्याचे भाऊ. धाकट्याला थोरल्याच्या पुढे बसवलं तरी एकमेकांशी न भांडलेली जोडी या दोघांचीच. बाप दर शुक्रवारी मुलासाठी हेच मागतो.

त्यानंतर किद्दुश, म्हणजे पेला हातात घेऊन म्हटलेलं शब्बाथचं आशीर्वचन. जगभरचे ज्यू यासाठी द्राक्षाची वाइन घेतात. कोकणात ती कुठून आणणार? बेने इस्राएलांनी काळ्या मनुका पाण्यात भिजवल्या, कुस्करल्या, गाळल्या आणि त्या शरबतावर किद्दुश म्हटलं. आजही म्हणतात. पेला घरातल्या सगळ्यांत फिरतो. प्रार्थनामंदिरात आणि घरात एक हातबोशीही चालते. समोरच्याचे जोडलेले हात आपल्या दोन्ही हातांत घ्यायचे आणि मग आपल्याच बोटांचं चुंबन घ्यायचं. आठवड्यात घरात काही बोलाचाली झाली असेल, तर तिला या स्पर्शापुढे टिकून राहणं अवघड जात असेल.

शब्बाथला काय करायचं नाही याची यादी मोठी आहे. मिश्ना या जुन्या ज्यू धर्मशास्त्राने एकोणचाळीस प्रकारची कामं सांगितली आहेत : पेरणी, दळणं, विणणं, गाठ मारणं, लिहिणं वगैरे. पण ही यादी पाहून शब्बाथ म्हणजे नुसती मनाई, असं कुणाला वाटलं तर मुद्दा हातचा निसटतो. यशया संदेष्ट्याने शब्बाथला ‘ओनेग’ म्हटलं आहे, म्हणजे सुख. आणि हे सुख मर्जीवर सोडलेलं नाही, ते कर्तव्य आहे. म्हणून चांगलं जेवायचं, चांगले कपडे घालायचे, पाहुणा बोलवायचा. जेरुसलेमचं मंदिर पडलं त्याच्या शोकाचा दिवस, आपल्याकडच्या बेने इस्राएलांचा ‘बिरड्याचा सण’, शनिवारी आला तर उपास रविवारी ढकलतात. यॉम किप्पुर हा प्रायश्चित्ताचा दिवस सोडला तर शब्बाथला कोणताच उपास करायचा नाही.

याहूनही कठीण एक गोष्ट आहे. घरात मृत्यू झाला की जवळची माणसं सात दिवस जमिनीलगत बसून सुतक पाळतात. त्या सात दिवसांत शब्बाथ येतोच. तेव्हा उघड शोक थांबवायचा, उठायचं, कपडे बदलायचे, प्रार्थनेला जायचं. मनातलं दुःख कुणी पुसत नाही. ते आत राहतंच. पण एक दिवस ते घराचं धनी नसतं. आनंद म्हणजे आतून उसळून येणारी लाट, असं आपण मानतो. इथे आनंद दिवा लावण्यासारखा आहे. मन असो वा नसो, वेळ झाली की लावायचा, आणि त्या उजेडात बसता बसता मन हळूहळू मागून येतं. ज्यू घराबद्दल मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे. ज्यू विचारवंत अब्राहम जोशुआ हेशेल यांनी १९५१ सालच्या ‘द सब्बाथ’ या पुस्तकात शब्बाथला काळात बांधलेलं देवालय अशा अर्थाने पाहिलं आहे. दगडी मंदिर पाडता येतं, गलबताबरोबर ग्रंथ बुडतात. शनिवार मात्र दर सात दिवसांनी नवगावलाही येत राहिला.

दहा आज्ञांमध्ये शब्बाथची दोन कारणं दिली आहेत. एके ठिकाणी : देवाने सहा दिवसांत सृष्टी केली आणि सातव्या दिवशी विसावला. दुसऱ्या ठिकाणी : तुम्ही मिसर देशात गुलाम होता, ते विसरू नका. म्हणून विश्रांती नुसत्या घरधन्याला नाही. चाकराला, दासीला, दारी उतरलेल्या परक्याला आणि बैलालाही आहे. बैलाचा उल्लेख तिथे खरोखरच आहे. डोळ्यांना झापड बांधून दिवसभर एकाच वर्तुळात फिरणाऱ्या घाण्याच्या बैलाला याहून मोठा हक्क कोणत्या धर्मग्रंथाने दिला असेल? आणि तो हक्क, ग्रंथ जवळ नसतानाही, कोकणातल्या तेल्यांनी त्याला दिला.

शनिवारी रात्री आकाशात तीन तारे दिसले की हवदाला, म्हणजे शब्बाथला निरोप. अनेक वातींची पेटलेली मेणबत्ती, पेला आणि काहीतरी सुगंधी : लवंगा, वेलदोडे किंवा सब्जाची डहाळी. शब्बाथला माणसाला एक जादा जीव मिळतो आणि तो आता निघून जातो, अशी समजूत आहे. त्याच्या जाण्याने कोमेजलेल्या माणसाला धीर यावा म्हणून हा वास घ्यायचा. सब्जा हातोहाती फिरतो, लहान मूल तो नाकाशी जरा जास्तच वेळ धरून ठेवतं. ज्योत पेल्यातल्या शरबतात विझवतात. आणि रविवारी पहाटे, अलिबागच्या त्या गावांतून, घाण्याची करकर पुन्हा ऐकू यायची.

(पुढील लेखांकात : खंडाळ्याचा खडक, संदेष्टा एलियाहूचा रथ आणि मलिद्याचं ताट)