वाट चुकण्याची मुभा

नेदरलँड्समध्ये सायकलने हिंडायला डच भाषा यावी लागत नाही. दोन अंकी आकडे वाचता आले की पुरे. सायकलवाटा जिथे एकमेकींना मिळतात तिथे पाटीवर हिरव्या वर्तुळात एक आकडा असतो आणि पुढच्या आकड्यांकडे नेणारे बाण असतात. निघताना चार-पाच आकडे चिठ्ठीवर टिपायचे, चिठ्ठी हँडलला अडकवायची आणि एकेक आकडा गाठत जायचे. गावांची जीभ वळवणारी नावे विचारावी लागत नाहीत. या खुणांना डच लोक ‘क्नोपपुंट’ म्हणतात.

कल्पना मात्र शेजारच्या बेल्जियमची. ह्युगो बोलेन हे तिथले खाण-अभियंते. लिम्बुर्ग प्रांतातल्या कोळशाच्या खाणींत बोगदे मिळतात त्या जागांना क्रमांक असत, म्हणजे अंधारातही माणसाला आपण कुठे आहोत हे कळे. खाणी एकामागून एक बंद झाल्या. तिथली शेवटची १९९२ मध्ये. भूगर्भातली ती युक्ती बोलेन यांनी जमिनीवर आणली आणि १९९५ मध्ये असे पहिले जाळे खुले झाले. १९९९ मध्ये त्याच नावाच्या शेजारच्या डच प्रांताने ती उचलली आणि पुढे ती साऱ्या नेदरलँड्सभर पसरली. तिथल्या रहिवाशांना रविवारची रपेट सोपी व्हावी म्हणून केलेली ही सोय सर्वाधिक उपयोगी पडते ती कालपरवा देशात उतरलेल्या माणसाला.

अ‍ॅमस्टरडॅमला दक्षिणेकडून चिकटलेल्या अ‍ॅमस्टलव्हीनमध्ये अशी माणसे पुष्कळ. नोकरीनिमित्त आलेल्या भारतीयांची इथे मोठी वस्ती आहे आणि त्यात पुण्या-मुंबईकडची मराठी कुटुंबेही आहेत. सुरुवातीचे आठवडे नगरपालिकेतली नोंद, बँकेचे खाते, मुलांची शाळा आणि वाणसामान यांत जातात. ट्राम आणि मेट्रो उत्तम असतात, पण त्यांच्यामुळे ओळख होते ती स्टेशनांची. दोन स्टेशनांच्या मधली जमीन अनोळखीच राहते.

मग सेकंडहँड सायकल येते आणि पहिला धडा तीच देते. अनेक डच सायकलींना हाताचा ब्रेक नसतो. पेडल उलटे मारले की चाक थांबते. चालता चालता पाय मागे फिरवायची आपली जुनी सवय इथे भर रस्त्यात जागच्या जागी उभे करते. दुसरा धडा रस्त्यावर रंगवलेल्या पांढऱ्या त्रिकोणांचा: टोक आपल्याकडे असेल तर आडव्या रस्त्याने येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे. खुणा नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला. वळताना हात बाहेर काढायचा. तिसरा धडा वाऱ्याचा. इथे घाट नाहीत, पण समोरून वारा सुटला की सपाट रस्त्यावर खंबाटकीची आठवण होते. या वाऱ्याची डचांनी स्पर्धाच करून टाकली आहे: समुद्राच्या उधाणाला अडवणाऱ्या ऑस्टरस्केल्डे बांधावर गिअर नसलेल्या साध्या सायकलींवर वाऱ्याच्या विरुद्ध साडेआठ किलोमीटर.

एवढे अंगवळणी पडले की अ‍ॅमस्टलव्हीनच्या पश्चिमेला निघावे. आधी लागते ते ‘अ‍ॅमस्टरडॅमसे बॉस’. हजारेक हेक्टरांचे हे दाट जंगल कोणालाही पुरातन वाटेल, पण ते माणसांनी लावलेले आहे. १९३४ मध्ये, महामंदीच्या दिवसांत, हजारो बेकारांच्या हाताला काम देण्यासाठी समुद्रसपाटीपेक्षा खालच्या जमिनीवर ही लागवड सुरू झाली. झाडांच्या आडोशाला एक क्रिकेटचे मैदान आहे. १९९९ च्या विश्वचषकात दक्षिण आफ्रिका आणि केनिया यांचा सामना तिथे झाला होता.

जंगल ओलांडले की रिंगफार्टचा कालवा येतो. त्याच्या बांधावरून जाताना काहीतरी चुकल्यासारखे वाटते. एका बाजूला कालव्याचे पाणी आणि त्यात नावा. दुसऱ्या बाजूला शेते आणि घरे, तीही पाण्याच्या पातळीपेक्षा दोन पुरुष खाली. हा हार्लेमरमेर, म्हणजे एके काळचा अवाढव्य तलाव. १५७३ मध्ये स्पॅनिश आणि बंडखोर डच जहाजांची लढाई या पाण्यावर झाली होती. १८३६ च्या वादळांत त्याचे पाणी अ‍ॅमस्टरडॅम आणि लायडनच्या वेशीपर्यंत घुसले, तेव्हा तो आटवायचे ठरले. भोवती कालवा खणला, बांध घातला आणि तीन प्रचंड वाफेच्या पंपांनी १८४९ ते १८५२ या काळात सुमारे १८,००० हेक्टरांचा तळ कोरडा केला. त्यांतले क्रुकियसचे पंपघर आज संग्रहालय आहे. आपण ज्या स्किपोल विमानतळावर उतरलो तो याच तळावर उभा आहे, हे बांधावरून डोळ्यांना दिसते. मोटारीतून बोगदे आणि हमरस्ते दिसतात. जमिनीची ही उंचसखल रचना सायकलच्या गतीलाच उलगडते. या देशाचा सुमारे चौथा हिस्सा समुद्रसपाटीखाली आहे, हे पुस्तकी वाक्य त्या बांधावर खरे होते.

एवढे पाहून ‘डच लोक मुळातच सायकलवेडे’ असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. देशात माणसांपेक्षा सायकली जास्त आहेत, एकूण फेऱ्यांपैकी चौथ्या हिश्श्याहून अधिक सायकलवर होतात, उट्रेख्ट स्टेशनाखाली १२,५०० सायकलींचा तळ आहे. पण दुसऱ्या महायुद्धानंतर हाही देश मोटारीच्या मागे धावला होता. सायकलचा वापर घटला आणि रस्ते रुंद झाले. १९७१ मध्ये रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे मेली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. मुलगी गमावलेले पत्रकार विक लांगेनहॉफ यांनी १९७२ मध्ये ‘बालहत्या थांबवा’ असा थेट मथळा देऊन लेख लिहिला आणि त्याच नावाची चळवळ उभी राहिली. १९७३ मध्ये तेलसंकट आले आणि सरकारने मोटारविरहित रविवार जाहीर केले. रिकामे रस्ते लोकांनी पुन्हा पाहिले. १९७५ मध्ये सायकलस्वारांची संघटना स्थापन झाली.

त्यानंतरचे काम जास्त बोधक आहे. सत्तरच्या दशकात हेग आणि टिलबुर्ग या शहरांनी एकेक देखणा सायकलमार्ग बांधून पाहिला. मार्गावर गर्दी झाली, पण शहरातली सायकल त्या मानाने वाढली नाही. एकटा मार्ग घरापासून शाळेपर्यंत, शाळेपासून बाजारापर्यंत पोचवत नाही. म्हणून डेल्फ्टने ऐंशीच्या दशकात सलग जाळे विणले आणि तेव्हा फरक दिसला. कायदाही सोबतीला आला: मोटार आणि सायकल यांच्या टकरीत भरपाईचा भार मुख्यतः मोटारचालकावर, आणि जखमी मूल चौदा वर्षांखालचे असेल तर जवळजवळ पूर्णपणे.

तरीही जाळे सगळ्यांना आपोआप खुले होत नाही. ज्यांना लहानपणी सायकल मिळाली नाही, अशा स्थलांतरित स्त्रिया त्याच्या बाहेर राहतात. म्हणून डच शहरांत मोकळ्या पटांगणांवर प्रौढ बायकांसाठी सायकलवर्ग चालतात: आधी पेडलशिवाय पायाने ढकलत तोल सांभाळणे, मग वळण, मग हात सोडून खूण करणे, शेवटी खरा रस्ता. लंडनमध्ये ‘द बाइक प्रोजेक्ट’ ही संस्था २०१३ पासून जुन्या सायकली दुरुस्त करून निर्वासितांना देते आणि स्त्रियांना शिकवतेही. आपल्याकडच्या मुलींची गोष्ट वेगळी. त्यांच्यापैकी अनेकींनी शाळेपर्यंत सायकल मारलेली असते. मग स्कूटी येते, संसार येतो आणि सायकल सुटते. परदेशात त्यांना शिकायचे नसते, पुन्हा सुरू करायचे असते. भाजी, पाळणाघर, वाचनालय यांसाठी नवऱ्याच्या वेळेवर अवलंबून राहणे संपते, तेव्हाच नवे गाव त्यांचेही होते.

नव्या देशात हिंडणे हा एकट्याच्या धाडसाचा विषय मानला जातो. प्रत्यक्षात ते धाडस आधीच्या पिढीने भांडून, पैसा घालून, नियम करून बरेच स्वस्त केलेले असते. पुणे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई आणि त्या काळी लोकांचे सायकलप्रेम कोणी तपासत नव्हते. रस्ता पुरेसा मोकळा होता. आज वाशीमहून नोकरीसाठी आलेला मुलगा पहिल्या रविवारी हडपसरहून खडकवासल्याला सायकलने निघाला, तर घरचे त्याला अडवतील, आणि त्यांचे बरोबर असेल. सायकलमार्गांची लांबी मोजण्याआधी शहरांनी हा अडवणारा आवाज मोजावा. नवख्याने वाट चुकली तरी जिवाला घोर लागू नये, एवढी सोय झाली की सायकलीचा प्रचार वेगळा करावा लागत नाही.