वरील गोष्टींकडे : त्रोवसला राहिलेला झगा

आज जॉन बन्यनच्या ‘व्यर्थतेच्या बाजारा’त शिरायचं ठरलं होतं. तो बाजार आठवडाभर थांबेल. मागच्या लेखात देमासाचा ओझरता उल्लेख आला आणि नगरच्या एका वाचक भगिनींचं पत्र आलं. देमासाने ख्रिस्ताला सोडलं की फक्त पौलाला, असं त्या विचारतात. पुढे जरा संकोचून लिहितात : मुलाला पुण्यात चांगल्या पगाराची नोकरी लागली, घरादाराला आनंद झाला, ही देमासाचीच वाट तर नव्हे?

देमासाने मला वर्षानुवर्षं अस्वस्थ केलं आहे, त्यामुळे हे पत्र बाजूला ठेवणं शक्यच नव्हतं.

नव्या करारात त्याचं नाव फक्त तीनदा येतं. फिलेमोनाच्या पत्रात मार्क, अरिस्तार्ख, देमास, लूक अशी सहकाऱ्यांची नावं ओळीने आहेत. म्हणजे देमास बघ्या नव्हता, बंदिवान पौलाच्या बाजूने उभा राहिलेला होता. कलस्सैकरांच्या पत्रात तो सलाम पाठवतो. तिसऱ्यांदा, २ तीमथ्य ४:१० मध्ये, एवढंच कळतं की त्याला हे जग प्रिय झालं आणि तो थेस्सलनीकास निघून गेला. चोरी नाही, व्यभिचार नाही, मूर्तिपूजा नाही. त्याने ख्रिस्ताला नाकारलं असंही पौल लिहीत नाही. उपदेशांत आपण त्याला सरसकट दारुड्या-जुगाऱ्यांच्या पंगतीला बसवतो, ते शास्त्राला धरून नाही. थेस्सलनीका हे एग्नातिया महामार्गावरचं भरभराटीचं बंदर. तिथे मंडळीही होती. तिथे जाण्यात पाप नव्हतं. बिनसलं ते मनात. दोनच वचनं आधी पौल प्रभूच्या येण्याची आस धरणाऱ्यांसाठी राखलेल्या मुकुटाबद्दल लिहितो. देमासाची आस दुसरीकडे वळली होती.

बन्यनला हे नेमकं उमगलं होतं. ‘व्यर्थतेचा बाजार’ असलेल्या त्याच्या १६७८ च्या ग्रंथात (हरि केशवजींनी १८४१ मध्ये तो ‘यात्रिकक्रमण’ म्हणून मराठीत आणला) देमास भर बाजारात भेटत नाही. तिथला छळ मागे पडतो, मग सुखाचं एक छोटंसं मैदान लागतं आणि ते ओलांडल्यावर टेकडीत रुप्याची खाण. खाणीपाशी देमास सभ्य गृहस्थासारखा उभा राहून यात्रेकरूंना बोलावतो. वळायला कोण निघतं? आशावंत नावाचा यात्रेकरू! एका विश्वासू माणसाचं हौतात्म्य डोळ्यांनी पाहून जो यात्रेला लागला, तोच. सोबत्याने अडवलं म्हणून तो वाचला. मंडळीतही मी हेच पाहत आलो आहे. नातेवाइकांनी वाळीत टाकलं तेव्हा ताठ उभी राहिलेली घरं पुढे सुबत्ता आल्यावर सैल पडली. म्हणून माझ्या मते छळापेक्षा सुखाचे दिवसच विश्वासाला जास्त जड जातात.

आता भगिनींच्या दुसऱ्या प्रश्नाकडे. २ तीमथ्याच्या त्याच चौथ्या अध्यायाचं तेरावं वचन उघडा. त्रोवसला कार्पाकडे राहिलेला झगा आण, पुस्तकंही आण, विशेषतः चर्मपत्रं, असं पौल तीमथ्याला सांगतो; आणि पुढे हिवाळ्यापूर्वी ये, असंही. डोक्यातून घालायचा जाड, बिनबाह्यांचा झगा. मृत्यू समोर दिसत असताना, मुकुटाबद्दल लिहून पाचच वचनं होतात न होतात तोच हा माणूस थंडीचा विचार करतो! वर लागलेलं मन उबेला तुच्छ मानत नाही. पगाराचा आनंद हा झगा आहे, ताई; तो मुलाला खुशाल घालू द्या. फक्त पुण्यात खोली बघताना ऑफिसचं अंतर मोजलं, तसं जवळ मंडळी कुठे आहे हेही विचारलं होतं का? बढतीसाठी रविवारची उपासना एकदा चुकली, तर घरात कुणाला चुकल्यासारखं वाटलं का? खरी पारख इथे होते.

देमासाने ख्रिस्ताला सोडलं का, यावर शास्त्र गप्प आहे. आपणही निकाल देऊ नये. त्याच्या जाण्याची नोंद करून पौल लगेच पुढच्या वचनात मार्कला घेऊन ये म्हणतो, तो सेवेसाठी उपयोगी आहे म्हणून. हाच मार्क पंफुल्यात पौलाला सोडून परत गेला होता.

या रविवारी २ तीमथ्याचा चौथा अध्याय सहाव्या वचनापासून शेवटपर्यंत घरी सगळ्यांनी मिळून मोठ्याने वाचा. मुलगा पुण्यात असेल तर फोनवर त्यालाही सामील करून घ्या. बाजारात पुढच्या आठवड्यात जाऊ.